बागेतला धबधबा खरा वाटावा म्हणून...

बंगल्याच्या अंगणात, गृहसंकुलाच्या प्रवेशद्वारापाशी किंवा एखाद्या हॉटेलच्या हिरवळीवर छोटे धबधबे हमखास दिसतात. सपाट जमिनीवर दगडांचा ढीग, त्याच्या अगदी टोकातून फुटणारी धार आणि खाली निळ्या फरश्यांचे तळे, असा त्यांचा ठरलेला थाट असतो. पाणी पडते, आवाजही होतो. पण पाहणाऱ्याला तो धबधबा वाटत नाही. निसर्गात पाणी ढिगाऱ्याच्या माथ्यातून उगवत नाही. ते वरच्या उतारावरून वाहत येते आणि कातळाची कड लागली की खाली पडते.

पावसाळ्यात माळशेज वा ताम्हिणी घाटातून जाताना हे नीट न्याहाळता येते. सह्याद्री हा लाव्हाच्या एकावर एक साचलेल्या थरांचा बनला आहे. काही थर टणक, काही ठिसूळ. ठिसूळ थर आधी झिजतो, टणक थराची कड पुढे राहते आणि डोंगराला पायऱ्या पडतात. छोट्या ओढ्यांचे पाणी या पायऱ्यांवरून सरकते, टप्प्यावर थबकते, दोन धारांत फुटते आणि मग पुढे पडते. जपानमध्ये तर अकराव्या शतकातल्या ‘साकुतेइकी’ या उद्यानरचनेवरील ग्रंथात पाणी कसकसे पाडावे, याचे वेगवेगळे प्रकार दिले आहेत. आपल्याकडे मात्र हे काम बहुधा गवंड्याच्या मर्जीवर सोडले जाते.

तळ्यासाठी खणलेली माती फेकून न देता तिचाच उंचवटा करावा. तो उंच नको, पसरट हवा. अडीच-तीन फूट उंची पुष्कळ झाली. माती थराथराने धुमसून घट्ट करावी, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात ती खचते व दगड तिरके होतात. पाण्याचा उगम दगडाआड किंवा झुडपांत दडवून तेथून पडण्याच्या जागेपर्यंत थोडा वळणाचा ओहोळ ठेवावा.

दगड एकाच जातीचे घ्यावेत. आपल्या भागात काळा पाषाण सहज मिळतो. काळ्या दगडांत मधूनच संगमरवराचे तुकडे बसवले की सगळा देखावा फसतो. शंभर लहान गोट्यांपेक्षा पाच-सात मोठे दगड बरे. प्रत्येकाचा तिसरा हिस्सा जमिनीत गाडलेला असावा, म्हणजे तो आणून ठेवल्यासारखा न दिसता तिथलाच वाटतो. ज्या दगडावरून पाणी सुटायचे, त्याची कड धारदार आणि थोडी पुढे आलेली हवी. कड गोलसर असेल तर पाणी दगडाला चिकटून मागे वळते आणि भिंतीत जिरते.

तळे आटू लागले की मालक तळाला भोक शोधतो. गळती मात्र बहुतेक वेळा ओहोळाच्या काठाला असते. अस्तराचा जाड कागद दोन्ही बाजूंनी पाण्याच्या पातळीपेक्षा चांगला वर घ्यावा आणि जोड कौलांसारखा द्यावा, म्हणजे वरचा कागद खालच्यावर यायला हवा. दगडांमधल्या फटी सिमेंटने बुजवल्या नाहीत तर पाणी दगडांवरून न जाता खालून निघून जाते. मासे सोडायचे असतील तर ताज्या सिमेंटचा क्षार निघून जाईपर्यंत तळे दोन-तीनदा भरून रिकामे करावे.

पंपाचा हिशेब कडेच्या रुंदीवरून करतात. दर इंचामागे ताशी सुमारे ४०० ते ६०० लिटर पाणी लागते. म्हणजे एक फूट रुंद धारेला ताशी पाच ते सात हजार लिटर. पंपावर छापलेला आकडा मात्र शून्य उंचीचा असतो. पाणी जितके वर चढवावे तितके ते कमी होते. शंभर वॅटचा पंप अहोरात्र चालवला तर महिन्याला ७२ युनिट वीज जाते. पाण्यातल्या विजेच्या जोडणीला गळतीरोधक स्वयंचलित स्विच हवाच. तेथे काटकसर नको.

गच्चीवर असा धबधबा करण्याची हौस असेल तर आधी बांधकाम अभियंत्याला गाठावे. वापरातल्या गच्चीवर साधारणपणे दर चौरस मीटरला दीडशे किलो भार गृहीत धरलेला असतो. अवघे पंधरा सेंटिमीटर खोल पाणी तेवढा भार एकटेच खाऊन टाकते. दगड, माती आणि माणसे वेगळीच.

डासांचा प्रश्न वाहत्या पाण्यात नसतो. तो दगडांच्या खोबणीत साचून राहिलेल्या पाण्यात आणि बंद पंपाखालच्या तळ्यात असतो. डेंग्यूचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यातच वाढतो आणि त्याला आठवडा-दहा दिवस पुरतात. तळ्यात गप्पी मासे सोडावेत, खोबणी उताराच्या ठेवाव्यात. बाहेरगावी जाताना पंप बंद ठेवायचा असेल तर ओहोळाचे टप्पे रिकामे करून काठ घासून घ्यावेत. या डासाची अंडी कोरड्या काठावर महिनोन् महिने तग धरतात आणि पाणी लागताच फुटतात.