विचारायचं काय राहिलं?

जळकोटला माझ्याकडे कॉलेजची मुले प्रकल्पाचे कागद घेऊन येतात. विषय बहुधा हैदराबाद मुक्तिसंग्रामाचा आणि पहिला प्रश्न ठरलेला : ‘रझाकारांनी कोणते अत्याचार केले?’ मीही सुरुवातीला हाच प्रश्न घेऊन गावोगाव हिंडलो. एका वृद्ध शेतकऱ्याने पाठ्यपुस्तकातले वाटावे असे उत्तर दिले. टेप बंद करून चहा घेताना ते म्हणाले, ‘त्याच्यानंतरचं तर तुम्ही इचारलंच नाही.’ मग पोलीस ॲक्शननंतर शेजारच्या मुसलमान घराला लागलेले कुलूप त्यांनी सांगितले. १९४८च्या त्या कारवाईनंतरच्या हिंसेची चौकशी सुंदरलाल समितीने केली होती. सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांत तिने उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड यांची नोंद केली. माझ्या प्रश्नाला मात्र अर्धाच इतिहास हवा होता.

म्हणून मुलांना सांगतो, आधी वाचून जा. आपला उदगीर-अहमदपूरचा भाग १९५६पर्यंत बीदर जिल्ह्यात होता. लातूर जिल्हा १९८२चा. हे ठाऊक नसेल, तर आजोबा ‘जिल्ह्याला गेलो’ म्हणतील आणि तुम्ही भलतेच गाव लिहून याल. सन विचारू नका. ‘तेव्हा लग्न झालं होतं का? मूग काढून झाला होता का?’ असे विचारा; त्यावरून काळ जुळवता येतो. मग ‘त्या दिवशी तुम्ही काय करत होता?’ एवढे विचारून गप्प बसा. माणूस थांबला तर त्याला शब्द पुरवू नका. डोळ्यांनी पाहिलेले आणि कानांनी ऐकलेले वेगवेगळे लिहा.

बायकांना स्वतंत्र भेटा. घरातला पुरुष शेजारी असला की तोच बोलतो. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना प्रत्यक्ष भेटल्या, म्हणून १९८९मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक उभे राहिले.

मोबाइलवर रेकॉर्डिंग करण्याआधी परवानगी घ्या. लिहिलेले वाचून दाखवा. ‘हे नाव काढ’ म्हटले तर काढा. मारणाऱ्यांची आणि मार खाल्लेल्यांची नातवंडे आज एकाच गल्लीत राहत असतात.

१९४८ साली दहा वर्षांचे असलेले आता नव्वदीला टेकले आहेत. घाई आहे, हे खरे. तरीही उठण्याआधी एक प्रश्न विचाराच : ‘आजोबा, माझं विचारायचं काय राहिलं?’ त्या शेतकऱ्याने मला तो न मागता शिकवला.