संगणकांची परस्पर सुसंगती आणि देवनागरी मजकूर

एका संगणकासाठी लिहिलेली आज्ञावली दुसऱ्यावर न चालण्याचे मूळ कारण प्रक्रियकात असते. १९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये इंटेलचा ८०८८ होता, तर १९८४ च्या मॅकिंटॉशमध्ये मोटोरोलाचा ६८०००. दोघांची यंत्रभाषा निराळी. साधा इंग्रजी मजकूर मात्र दोहोंकडे वाचता येई, कारण आस्की ही संकेतप्रणाली समान होती. देवनागरीच्या वाट्याला ही सोय उशिरा आली.

धार आणि देवास ही पवारांची संस्थाने १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन झाली व १९५६ मध्ये मध्य प्रदेशात आली. तेथील मराठी कुटुंबांच्या घरात मराठी आणि कचेरीत हिंदी, लिपी मात्र एकच. तरीही पुण्याहून श्रीलिपीत आलेला मजकूर केवळ कृतिदेव असलेल्या संगणकावर उघडला, तर अक्षरांचा नुसता गोंधळ दिसे.

कृतिदेवमध्ये 'देवास' हा शब्द प्रत्यक्षात एन, एस, ओ, के, एल या पाच इंग्रजी अक्षरांचे संकेत म्हणून साठतो; फाँट त्यांना देवनागरी रूप देतो इतकेच. 'धार' अधिक बोलके आहे. तिरपी रेघ, के, के, जे असे चार संकेत तेथे लागतात. पहिला 'के' ध चा दंड पुरा करतो, दुसरा काना होतो. म्हणजे साठवले जातात ते अक्षरांचे तुकडे, अक्षरे नव्हेत. ऱ्हस्व वेलांटीही व्यंजनाच्या आधी साठते. युनिकोडमध्ये 'धार'ला २३४३, २३६६, २३५२ असे तीनच संकेत पुरतात आणि वेलांटी उच्चाराप्रमाणे व्यंजनानंतर येते.

उच्चारानुसार साठवण्याची ही पद्धत नवी नव्हती. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये इस्की हे मानक स्वीकारले होते, पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट तंत्र त्याच वाटेचे. पण विंडोजवर फाँट बसवणे सोपे पडले आणि छपाई हाच हेतू असल्याने संकेतांची फिकीर कोणी केली नाही. उर्दूच्या जुन्या इनपेज फायलींचेही दुखणे याच जातीचे आहे.

आज परिवर्तक आज्ञावल्या उपलब्ध आहेत. मात्र मूळ फाँट कोणता हे आधी ठाऊक असावे लागते. म्हणून जुन्या स्मरणिका वा संस्थेची इतिवृत्ते बदलून घेताना फाँटचे नाव नोंदवावे, मूळ फाईल जपावी आणि छापील प्रत असल्यास रफार, जोडाक्षरे व 'ळ' तिच्याशी ताडून पाहावेत.