विडी सोडल्यानंतरचे पहिले तीन आठवडे : सोबतीचे बळ

धूम्रपान सोडण्याचा निश्चय गावोगाव अनेक जण करीत असतात. कोणी पाडव्याच्या मुहूर्तावर विडी टाकतो, कोणी आषाढी एकादशीला, तर कोणी छातीत कळ आल्यानंतर डॉक्टरांच्या धाकाने. निश्चय करणाऱ्यांची वाण नाही. वाण आहे ती तो तडीस नेणाऱ्यांची. असे बहुतेक निश्चय पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच मोडतात आणि याच काळात माणूस सहसा एकटा असतो. एवढे दिवस त्याला चार माणसांची नियमित सोबत मिळाली तर यशाची शक्यता निश्चितपणे वाढते. ही सोबत उभी करण्यास मोठा निधी लागत नाही. ग्रामपंचायत, शाळा व आरोग्य उपकेंद्र यांनी मनावर घेतले तर ते सहज होण्यासारखे आहे.

शरीरात काय घडते?

विडी किंवा सिगारेटचा झुरका घेतल्यापासून सुमारे १० ते २० सेकंदांत निकोटीन मेंदूपर्यंत पोहोचते व क्षणभर तरतरी वाटते. रक्तातील त्याचे प्रमाण साधारणपणे दोन तासांत निम्म्यावर येते आणि मेंदू पुन्हा मागणी करू लागतो. सवय तुटली की चिडचिड, अस्वस्थता, झोपमोड, बद्धकोष्ठता, वाढलेली भूक व कामात लक्ष न लागणे ही लक्षणे दिसतात. काहींना काही दिवस खोकलाही वाढल्यासारखा वाटतो. या त्रासाचा जोर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असतो. पुढे तो उतरत जातो आणि तीन-चार आठवड्यांत बहुतेकांच्या बाबतीत ओसरतो.

विडीची तीव्र तल्लफ सलग तासभर टिकत नाही. ती लाटेसारखी येते आणि बहुधा काही मिनिटांत ओसरते. म्हणजे जिंकायचा असतो तो संपूर्ण दिवस नव्हे, तर त्यातील पाच-पाच मिनिटांचे काही प्रसंग. दुसरीकडे लाभही लगेच सुरू होतात. २० मिनिटांत नाडीची गती कमी होऊ लागते, १२ तासांत रक्तातील कार्बन मोनॉक्साइड वायूचे प्रमाण सर्वसाधारण पातळीवर येते आणि दोन ते बारा आठवड्यांत रक्ताभिसरण व फुप्फुसांचे कार्य सुधारते.

एकट्याचा निश्चय का मोडतो?

विडीची सवय एकट्याने क्वचितच लागते. पारावर, चहाच्या टपरीवर, एस.टी.च्या थांब्यावर एकाच काडीवर दोघांनी विडी पेटविणे ही मैत्रीची खूण मानली जाते. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, ही म्हण येथे तंतोतंत लागू पडते. विडी सोडणारा माणूस केवळ तंबाखू सोडत नाही. त्याच्या बैठकीतील जागाही त्याला सुटल्यासारखी वाटते. त्यात "एक ओढ, काय होते?" असा आग्रह झाला की दहा दिवसांची कमाई एका झुरक्यात जाते.

संगतीने लागलेली सवय संगतीनेच सुटते, यास संशोधनाचाही आधार आहे. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथील हृदयरोग-अभ्यासातील १२,०६७ व्यक्तींच्या १९७१ ते २००३ या काळातील माहितीचे विश्लेषण २००८ साली प्रसिद्ध झाले. पती किंवा पत्नीने धूम्रपान सोडले असता जोडीदाराने ते चालू ठेवण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी, मित्राने सोडले असता ३६ टक्क्यांनी आणि लहान कार्यालयातील सहकाऱ्याने सोडले असता ३४ टक्क्यांनी घटल्याचे त्यात आढळले. माणसे सुटी सुटी नव्हे, तर गटागटाने या सवयीतून बाहेर पडतात, असा त्याचा निष्कर्ष होता.

महाराष्ट्रास ही कल्पना नवीन नाही. माळ घातलेल्या वारकऱ्याला मद्य-मांसाचा आग्रह कोणी करीत नाही, कारण त्याचे व्रत साऱ्या गावास ठाऊक असते आणि गावही ते सांभाळते. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातही व्यसनातून बाहेर पडलेल्या व्यक्ती नव्याने येणाऱ्यांच्या साहाय्यास उभ्या राहतात.

गटाचे काम कसे चालावे?

पाच ते दहा जणांचा गट पुरेसा होतो. सर्वांनी विडी सोडण्याचा दिवस एकच ठरवावा. पूर्वी विडी सोडून वर्षभर टिकलेली एखादी व्यक्ती गटात असल्यास उत्तम. शिक्षक किंवा आरोग्यसेवकाने समन्वय साधावा. बैठकीची जागा पार किंवा टपरी नसावी. शाळेची ओसरी अथवा वाचनालय सोयीचे पडते.

पहिल्या आठवड्यात रोज पंधरा मिनिटे भेटावे. प्रत्येकास एक जोडीदार नेमून द्यावा. तल्लफ आली की विडीकडे न जाता जोडीदाराकडे जावे किंवा त्याला फोन करावा. पाणी पिणे, दीर्घ श्वास घेणे, बडीशेप किंवा लवंग तोंडात ठेवणे, चार पावले चालून येणे, यांत ती पाच मिनिटे निघून जातात. विडीऐवजी तंबाखू, मिश्री किंवा सुपारी मात्र धरू नये. सुपारीही कर्करोगकारक आहे. घरच्यांना आधीच सांगून ठेवावे की, या दिवसांतील चिडचिड हा स्वभावदोष नसून सवय सुटत असल्याचे लक्षण आहे.

दुसऱ्या आठवड्यात शरीर बरेचसे शांत होते, परंतु जेवणानंतरची, चहाबरोबरची, बांधावर विसावतानाची विडी आठवू लागते. अशा वेळांची यादी गटाने करावी व प्रत्येक वेळेसाठी पर्याय ठरवावा. तिसऱ्या आठवड्यात आत्मविश्वास वाढतो आणि धोकाही. लग्नकार्य, जत्रा, मद्यपान यांपासून या काळात विशेष जपावे. वाचलेल्या पैशांचा हिशेब बैठकीत मांडल्यास उमेद वाढते.

घसरण झाल्यास

एखाद्याने मध्येच विडी ओढली, तर खरी हानी त्या एका विडीने होत नाही, ती शरमेने होते. "आता कोणत्या तोंडाने जायचे?" असे म्हणून तो बैठकीस येणे थांबवितो आणि पुन्हा पूर्वपदावर जातो. म्हणून गटात दंड नसावा, टिंगल नसावी. न आलेल्याच्या घरी दोघांनी त्याच दिवशी जावे. कोणत्या वेळी, कोणाबरोबर, कशामुळे घडले, एवढेच विचारावे आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा मोजणी सुरू करावी. अनेकांना कायमची मुक्ती मिळते ती दोन-चार प्रयत्नांनंतरच.

सकाळी उठल्यापासून अर्ध्या तासात ज्यांना विडी लागते, त्यांचे अवलंबन तीव्र असते. त्यांना वैद्यकीय सल्ल्याने निकोटीनयुक्त गोळी किंवा च्युइंगमचा उपयोग होऊ शकतो. हृदयविकार, मधुमेह किंवा मानसिक आजारावर उपचार घेणाऱ्यांनी डॉक्टरांना आधी कल्पना द्यावी. केंद्र शासनाची १८००-११-२३५६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवाही २०१६ पासून उपलब्ध आहे.

पंचायत व शाळेचे कर्तव्य

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ वर्षांवरील २६.६ टक्के व्यक्ती तंबाखूचे सेवन करीत होत्या. धूम्रपान करणारे ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के होते. काही जण दोन्ही प्रकार वापरीत. निकोटीन दोहोंत एकच असल्याने हीच गटपद्धती तंबाखू व मिश्री सोडणाऱ्यांनाही उपयोगी आहे.

२००३ च्या कायद्याने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान आणि शैक्षणिक संस्थांपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थांची विक्री यांस मनाई आहे. परंतु फलक लावल्याने काम संपत नाही. पंचायत कार्यालयातच ॲशट्रे असेल, किंवा गुरुजी शाळेमागे विडी ओढत असतील, तर फलक कोणी वाचणार नाही. गावातील पहिला गट सरपंच, सदस्य, ग्रामसेवक व शिक्षक यांच्यापैकी सवय असलेल्यांचाच निघाला, तर त्याचा परिणाम दहा भाषणांहून अधिक होईल. विडी सोडण्याचा निश्चय ज्याचा त्यानेच करावयाचा असतो. परंतु तो तीन आठवडे सांभाळण्याचे काम सर्वांनी मिळून करता येते.