जनावराचे डोळे पिवळे पडले? आधी धुऱ्यावरची रायमुनिया बघा

गोंदिया : पाऊस पडला की नागझिऱ्याच्या कडेची गावे हिरवीगार दिसायला लागतात. पण चरायला सोडलेल्या ढोरांसाठी ही सगळी हिरवळ चारा नसते. लाल, पिवळ्या, गुलाबी फुलांचे गुच्छ, खरबरीत पाने, बारीक काटे आणि चुरगळले की उग्र वास, असे झुडूप रस्त्याच्या कडेला, धुऱ्यावर, झुडपी जंगलात सगळीकडे दिसते. आपल्याकडे त्याला रायमुनिया म्हणतात. दुसरीकडे घाणेरी किंवा टणटणी. हे झुडूप विषारी आहे.

मूळचे इथले नाहीच

रायमुनियाचे मूळ घर मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले उष्ण प्रदेश. इंग्रजांच्या काळात, १८०० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, शोभेचे झाड म्हणून ते कोलकात्याच्या बागेत आणले गेले. पुढे लोकांनी कुंपणाला लावले. बुलबुल, साळुंकी असे पक्षी त्याची काळी फळे खातात आणि विष्ठेतून बी दूरवर टाकतात. त्यामुळे कोणी न लावताही ते पसरत गेले. देशात वाघांच्या अधिवासापैकी सुमारे ४० टक्के क्षेत्रात रायमुनिया पोहोचल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात म्हटले आहे.

कुठे वाढते?

या झुडपाला ऊन लागते. दाट सावलीत ते फारसे जोर धरत नाही. जिथे झाडे तुटली, रस्ता निघाला, आग लागली किंवा शेत पडीक राहिले, तिथे ते आधी येते. नागझिऱ्याचे जंगल पानगळीचे आहे. ऐन, बीजा, धावडा, तेंदूची पाने उन्हाळ्यात झडतात आणि जमिनीवर ऊन पोहोचते. जंगलाच्या कडेला तर मोकळीकच. एकदा त्याची जाळी झाली की खाली गवत उगवत नाही. म्हणजे चितळाचा चारा गेला आणि आपल्या ढोरांचाही.

नागझिरा १९७० मध्ये अभयारण्य झाले आणि २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आले. अभयारण्यात ढोरे नेता येत नाहीत. मग चराईला उरते ते गावाजवळचे झुडपी जंगल, आणि रायमुनियाचा जोर तिथेच जास्त. गवत संपले की उपाशी जनावर जंगलात आत शिरते. तिथे वाघाची भीती असते.

जनावराला काय होते?

सवयीचे जनावर शक्यतो या पाल्याला तोंड लावत नाही. धोका असतो तो उपाशी जनावराला आणि बाजारातून नवीन आणलेल्या जनावराला. पानांतले विष थेट लिव्हरवर जाते. एक-दोन दिवसांत जनावर चारा सोडते, रवंथ थांबते, शेण घट्ट होते. डोळे पिवळे पडतात. ऊन सहन होत नाही. नाकपुडी, कान, सड अशा पांढऱ्या कातडीच्या जागी चट्टे पडून जखमा होतात. उपचाराला उशीर झाला तर जनावर दगावते. वाळलेल्या पानातही विष राहते, म्हणून चाऱ्यात पाला मिसळू देऊ नये.

अशा वेळी काय करावे?

• जनावर लगेच सावलीत बांधा. उन्हात सोडू नका.
• प्यायला भरपूर पाणी ठेवा. घरगुती काढा पाजत बसू नका.
• पशुवैद्यकीय दवाखाना गाठा किंवा १९६२ या टोल फ्री नंबरवर फोन करा. जनावराने काय खाल्ले असेल ते डॉक्टरांना सांगा.
• लहान मुलांना हिरवी फळे खाऊ देऊ नका, ती विषारी असतात.

नुसते तोडून जात नाही

कुऱ्हाडीने वरून तोडले तर बुडातून पुन्हा चार फांद्या फुटतात. जाळले तरी तेच. म्हणून जमिनीच्या तीन-चार इंच खाली कुदळीने मूळ तोडावे आणि झुडूप उलटे करून ठेवावे, म्हणजे ते पुन्हा मूळ धरत नाही. हे काम फळे काळी होण्याआधी करावे. पावसाळ्यात बारीक रोपे हातानेच उपटता येतात. दोन-तीन वर्षे ही निंदाई करत राहावी लागते आणि मोकळ्या झालेल्या जागेत गवताचे बी टाकावे लागते. जागा रिकामी ठेवली तर रायमुनिया परत येते.

मात्र हे काम स्वतःच्या शेतात, धुऱ्यावर करावे. वनजमिनीवर वनविभागाला विचारल्याशिवाय तोड करू नये. आणि उन्हाळ्यात वाळलेल्या झुडपांना काडी लावू नये. एप्रिल २०२१ मध्ये नागझिरा भागातला वणवा विझवताना तीन वनमजुरांचा जीव गेला, हे विसरून चालणार नाही.

पेरणीआधी धुरे साफ करतोच. त्यातच एक दिवस रायमुनियासाठी काढला, तर पावसाळ्यात ढोरे बिनघोर चरतील.