वातावरणाची मोजदाद : लेखांक सहावा – कर्बवायूचा हिशेब आणि धुळीचा अडथळा

हवाई बेटांवरील मौना लोआ पर्वताच्या उतारावर १९५८ साली चार्ल्स कीलिंग यांनी सुरू केलेल्या नोंदींचा विचार आपण गेल्या लेखांकात केला, आणि दहा लाख भाग हवेत त्या वेळी ३१३ भागांच्या आसपास असलेला कार्बन डायऑक्साइड आज ४२० भागांच्या पलीकडे गेला आहे, हे त्या एका दफ्तरावरून निःसंशय सिद्ध होते, हेही पाहिले. परंतु एका डोंगरावरची नोंद कितीही चोख असली, तरी हा वायू कोणत्या प्रदेशातून किती निघाला आणि कोणत्या अरण्याने वा समुद्राने त्यातला किती परत घेतला, हा जमाखर्च तेवढ्यावरून मांडता येत नाही. त्यासाठी अवघ्या पृथ्वीवरून एकाच मापाने फिरणारे साधन हवे, आणि ते उपग्रहाच्या रूपाने या शतकाच्या आरंभी हाती आले. ही मोजणी कशी होते, आणि हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांनी, ज्यांना शास्त्रज्ञ एरोसॉल म्हणतात, तिच्यात केवढा पेच निर्माण केला, हे आज पाहावयाचे आहे.

उपग्रहाला हवेचा नमुना कुपीत भरून घेता येत नाही. त्याच्या हाती येतो तो केवळ प्रकाश. सूर्याचा किरण वातावरण भेदून जमिनीपर्यंत येतो, तेथून परावर्तित होऊन पुन्हा तेच वातावरण ओलांडून वर जातो, आणि या दुहेरी प्रवासात कार्बन डायऑक्साइडचे रेणू आपल्या ठराविक तरंगलांबीचा प्रकाश शोषून घेतात, त्यामुळे वर पोहोचलेल्या वर्णपटात त्या त्या जागी काळ्या रेषा उमटतात. रेषा जितक्या गडद, तितका मार्गातला वायू अधिक. अमेरिकेचा ‘ओसीओ-२’ हा उपग्रह ७०५ किलोमीटर उंचीवरून दुपारी दीडच्या सुमारास प्रत्येक प्रदेश ओलांडतो, एका सेकंदात २४ ठिकाणांचे वर्णपट टिपतो, आणि प्रत्येक ठिकाणाचे क्षेत्र सुमारे ३ चौरस किलोमीटर असते. त्याच्या तीन वर्णपटमापकांपैकी दोन १.६१ आणि २.०६ मायक्रॉनच्या आसपासच्या अवरक्त पट्ट्यांत कार्बन डायऑक्साइडच्या रेषा पाहतात, तिसरा ०.७६५ मायक्रॉनच्या पट्टीत ऑक्सिजनच्या रेषा पाहतो, आणि यांतील प्रत्येक पट्टीचे १,०१६ बारीक भाग पाडून त्या प्रत्येकातला उजेड वेगळा मोजला जातो. इतके बारकावे कशासाठी, असा प्रश्न पडेल. तर एखाद्या प्रदेशाने दिलेल्या वा घेतलेल्या वायूमुळे वातावरणाच्या सबंध स्तंभातील प्रमाण बहुधा दहा लाखांत एखाद-दुसऱ्या भागानेच बदलते, म्हणजे चारशेत एकाची चूक झाली तरी जे शोधावयाचे तेच हरवते.

कार्बन डायऑक्साइड मोजण्यास निघालेल्या यंत्रात ऑक्सिजनचे काम काय, हेही येथेच सांगितले पाहिजे. कोरड्या हवेत ऑक्सिजनचे प्रमाण शेकडा २०.९५ आहे आणि ते जवळजवळ सर्वत्र सारखे आहे; म्हणून त्याच्या रेषांच्या गडदपणावरून किरणाने एकंदर किती हवा ओलांडली, हे कळते. तेल तोलून देणारा दुकानदार जसा आधी रिकाम्या भांड्याचा धडा करून घेतो आणि मगच तेल ओततो, तसा हा ऑक्सिजनचा धडा आहे. त्यावाचून डोंगरावरचा विरळ स्तंभ आणि दरीतला दाट स्तंभ एका मापाने तोलता आले नसते.

पण हा धडा पुरता बसत नाही, आणि याला कारण आहे धूळ. वाळवंटातली माती, चुलीतला नि कारखान्यांतला धूर, समुद्राच्या फेसातून उडालेले मीठ, गंधकाच्या वायूंपासून हवेतच बनलेले सल्फेटचे कण, हे सारे प्रकाशाला मध्येच वळवतात. खालची जमीन काळसर असेल, तर बराचसा प्रकाश जमिनीपर्यंत न पोहोचता धुळीच्या थरावरूनच माघारी येतो, त्याचा मार्ग आखूड होतो आणि वायू खरोखर आहे त्यापेक्षा कमी भासतो. उलट जमीन वाळवंटासारखी उजळ असेल, तर प्रकाश जमीन आणि धूळ यांच्यामध्ये अनेक हेलपाटे घालतो, मार्ग लांबतो आणि नसलेला वायू हिशेबात जमा होतो. ऑक्सिजनची पट्टी आणि कार्बन डायऑक्साइडच्या पट्ट्या वेगवेगळ्या तरंगलांबीच्या असल्यामुळे, आणि बारीक कण आखूड तरंगांना अधिक व लांब तरंगांना कमी वळवीत असल्यामुळे, एका पट्टीवरून केलेली वजावट दुसरीला तंतोतंत लागू पडत नाही. युरोपच्या एन्व्हिसॅट या उपग्रहावरील सायामॅकी या यंत्राने सहारा वाळवंटावर कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण १० टक्क्यांपर्यंत वरखाली होत असल्याचे दाखविले होते. ज्या ओसाड भूमीत ना अरण्य ना कारखाने, तेथे एवढी उलथापालथ कशाने व्हावी? शास्त्रज्ञांनी हे आकडे दुसऱ्या उपग्रहाने केलेल्या धुळीच्या नोंदींशी ताडून पाहिले, तेव्हा जेथे धूळ दाट, तेथेच वायूचा आकडा फुगलेला आढळला. यंत्राने कर्बवायू म्हणून नोंदविलेला तो फुगवटा धुळीचा होता.

तेव्हा वायू मोजावयाचा तर धूळ मोजणे क्रमप्राप्त आहे, आणि धुळीची मोजणी हे स्वतःच एक कठीण शास्त्र आहे. हवेच्या गढूळपणाचे माप ‘प्रकाशीय जाडी’ या अंकाने सांगतात. सूर्य डोक्यावर असताना हा अंक १ भरला, तर सरळ येणाऱ्या किरणांपैकी जेमतेम ३७ टक्केच खाली पोहोचतात. स्वच्छ हवेत तो ०.१ च्या आसपास वा त्याहून कमी असतो, आणि हिवाळ्यातल्या गंगेच्या खोऱ्यात तो याच्या कितीतरी पट चढतो. १९९९ साली सोडलेल्या ‘टेरा’ आणि २००२ सालच्या ‘ॲक्वा’ या उपग्रहांवरील मोडिस या यंत्राने दोन दशकांहून अधिक काळ हा अंक जगभर नोंदविला. त्याची मूळ युक्ती साधी आहे: समुद्र किंवा दाट झाडी वरून काळसर दिसते, तेव्हा तेथे जी अधिक उजळी दिसेल ती कणांची. मात्र वरून काढलेला अंक खरा की खोटा, याचा दाखला अखेर जमिनीवरूनच घ्यावा लागतो. एरोनेट या जागतिक जाळ्यातील लहानशी स्वयंचलित यंत्रे दिवसभर सूर्याकडे नळी रोखून त्याचे तेज मोजतात. आपल्या पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतही असे यंत्र आहे, आणि त्याच्या नोंदींशी उपग्रहाचे आकडे जुळतात की नाहीत, हे पाहिले जाते. उपग्रहांच्या देखण्या रंगीत नकाशांना जी विश्वासार्हता आहे, ती माझ्या मते या अबोल यंत्रांची आणि ती नियमाने पुसून स्वच्छ ठेवणाऱ्या माणसांची देणगी आहे.

या दोन मोजण्यांचे भाग्य एका दुर्दैवानेही एकत्र बांधले गेले. कर्बवायूसाठी बांधलेला पहिला ‘ओसीओ’ २४ फेब्रुवारी २००९ रोजी कॅलिफोर्नियातील व्हॅन्डेनबर्ग येथून टॉरस एक्सएल या अग्निबाणाने उडाला; परंतु उपग्रहाभोवतीचे कवच ठरल्या वेळी सुटले नाही, त्याच्या भाराने अग्निबाण पुरेसा वेग घेऊ शकला नाही, आणि अंटार्क्टिकाजवळच्या समुद्रात सर्व काही बुडाले. ४ मार्च २०११ रोजी ‘ग्लोरी’ हा उपग्रह त्याच जातीच्या अग्निबाणाने, त्याच तळावरून निघाला. त्यावर एरोसॉलचे कण कोणत्या जातीचे, केवढ्या आकाराचे, हे प्रकाशाच्या ध्रुवणावरून ओळखणारे यंत्र होते. त्याचेही कवच सुटले नाही. पुढील चौकशीत असे निष्पन्न झाले, की कवच दुभंगण्यासाठी ॲल्युमिनियमचा जो सांधा ठराविक जोराला फुटावयाचा होता, त्याच्या धातूच्या तपासणीचे दाखले पुरवठादार कारखान्यात खोटे तयार केले गेले होते. दोन्ही मोहिमांचे मिळून ७० कोटी डॉलरांहून अधिक नुकसान झाले. पण पैशाहून मोठी हानी ही, की वातावरण वेगाने बदलत असताना त्या वर्षांची जी मोजणी व्हावयाची होती ती राहून गेली, आणि गेलेल्या वर्षाची हवा पुन्हा मोजता येत नाही. कागदावर खोटा आकडा लिहिणाऱ्याला तो कोठवर जाऊन पोहोचेल याची कल्पनाही नसते, म्हणूनच तपासणीच्या साध्या कामात कसूर हा मला अक्षम्य अपराध वाटतो.

सुदैवाने जपानचा ‘गोसॅट’ २३ जानेवारी २००९ रोजीच कक्षेत पोहोचला होता. कर्बवायू आणि मिथेन मोजणाऱ्या यंत्राच्या जोडीला ढग व एरोसॉल टिपणारा स्वतंत्र कॅमेरा त्यावर बसविलेला होता, आणि आपला उपग्रह गमावलेल्या अमेरिकन शास्त्रज्ञांनी जपानी सहकाऱ्यांच्या संमतीने त्याच्याच वर्णपटांवर आपली गणितपद्धती पारखून घेतली. त्यामुळे २ जुलै २०१४ रोजी ‘ओसीओ-२’ वर गेला, तेव्हा पद्धती तयार होती.

एवढे करूनही या मोजणीला मर्यादा आहेत. ढगाळ वा अतिगढूळ हवेतली निरीक्षणे बाद करावी लागतात आणि थोडाच भाग उपयोगी पडतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर आकाश झाकोळलेले असते, आणि पिके व सह्याद्रीतली झाडी हवेतून कार्बन घेण्यास जोमाने लागते ती याच सुमारास. म्हणजे ज्या महिन्यांचा हिशेब आपल्याला सर्वाधिक हवा, त्याच महिन्यांची पाने बरीचशी कोरी राहतात.

या साऱ्या अनुभवाचा परिणाम युरोपच्या नव्या योजनेत दिसतो. ‘सीओटूएम’ या नावाने जे उपग्रह तयार होत आहेत, त्या प्रत्येकावर कर्बवायूच्या वर्णपटमापकाशेजारीच अनेक कोनांतून ध्रुवण मोजणारे एरोसॉलचे यंत्र आणि ढगांचा कॅमेरा असणार आहे, जेणेकरून एकाच क्षणी, एकाच जागेची धूळ आणि वायू दोन्ही मोजले जातील. हाच मार्ग योग्य आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मिथेनची गोष्ट याहून वेगळी आहे, कारण तो कित्येकदा एखाद्या फुटक्या नळातून वा कचऱ्याच्या डेपोतून एकवट निघतो आणि त्याचा उगम उपग्रहाला थेट दाखविता येतो. पुढील लेखांकात त्याचा विचार करू.