बहुवारिकांतील तुटणाऱ्या बंधांचा प्रकाश

रबर ताणले असता तडा दिसण्यापूर्वीच त्यातील काही रेणुसाखळ्या तुटू लागतात. बलमापक एकूण बल दाखवितो. तुटण्याचे स्थान मात्र सांगत नाही. आइंडहोवन येथील सिबेस्मा व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये बहुवारिकाच्या साखळीतच डायऑक्सिटेनचे चार अणूंचे वलय गुंफले. ओढीने वलय फुटताच निळा प्रकाश बाहेर पडतो. २०१४ मध्ये पॅरिसच्या क्रेटन यांच्या गटासमवेत हेच वलय एकमेकांत मुरविलेल्या जाळ्यांच्या रबरात वापरले गेले. ताठर जाळ्याचे बंध तड्याच्या टोकाभोवती विस्तृत भागात तुटून ऊर्जा शोषतात व रबर चिवट होते, हे त्या प्रकाशामुळे प्रत्यक्ष दिसले. अर्थात प्रत्येक वलय एकदाच उजळते. म्हणून हा प्रकाश तुटलेल्या बंधांचा हिशेब देतो, टिकून राहिलेल्या बंधांवरील ताणाचा नव्हे.