चारशे टनांचा ग्रंथ

ब्रह्मदेशाच्या राजांची शेवटची राजधानी मंडाले. तिथल्या टेकडीच्या पायथ्याशी, कुथोडॉ पॅगोडाच्या आवारात, एक ग्रंथ उभा आहे. पानं १,४५८. एवढ्या पानांचे ग्रंथ आपल्याकडच्या जुन्या वाचनालयांतही मिळतील. पण इथलं पान संगमरवराचं आहे. उंची दीड मीटर, रुंदी मीटरभराहून थोडी जास्त, जाडी तेरा सेंटीमीटर. एका शिळेच्या दोन बाजू म्हणजे दोन पानं, अशा ७२९ शिळा. आणि प्रत्येक शिळेवर छत धरायला एक स्वतंत्र पांढराशुभ्र स्तूप.

संगमरवराची घनता धरून हिशेब मांडला, तर एक शिळा साडेपाचशे किलोच्या पुढे जाते आणि सगळा ग्रंथ चारशे टनांच्या घरात. शिळा आडव्या करून एकावर एक रचल्या, म्हणजे ग्रंथ मिटून ठेवला, तर त्याची जाडी ९५ मीटर भरेल. कुतुबमिनारची उंची ७३ मीटर आहे. लिहिलेला सगळा पृष्ठभाग मोजला तर साडेतेवीस गुंठे होतो, आणि या साडेतेवीस गुंठ्यांत सेंटीमीटरभर उंचीची अक्षरं दाटीने पेरलेली आहेत. एका पानावर ८० ते १०० ओळी. कमीत कमी धरल्या तरी एकूण ओळी १,१६,००० च्या वर. रोज आठ तास वाचलं तर ग्रंथ संपायला ४५० दिवस लागतील, असा हिशेब सांगितला जातो.

हे आहे त्रिपिटक. भाषा पाली, लिपी ब्रह्मी लोकांची. विनयपिटकाच्या १११ शिळा, सुत्तपिटकाच्या ४१० आणि अभिधम्मपिटकाच्या २०८. मधल्या सोनेरी पॅगोडाभोवती स्तूपांची तीन आवारं आहेत: आतल्यात ४२, मधल्यात १६८, बाहेरच्यात ५१९. याखेरीज एक शिळा आहे ती या सगळ्या खटाटोपाची हकिगत सांगणारी, सातशे तिसावी.

हा खटाटोप केला मिंडॉन राजाने. १८५२ च्या युद्धात इंग्रजांनी रंगूनसह दक्षिण ब्रह्मदेश घेतला, राज्याचा समुद्रकिनारा गेला, आणि पुढच्याच वर्षी मिंडॉन गादीवर आला. १८५७ मध्ये त्याने नवी राजधानी वसवायला घेतली. अमरापुऱ्याचा सागवानी राजवाडा उतरवून हत्तींकरवी इकडे आणला. भोवती दोन-दोन किलोमीटर बाजूंचा चौरस तट, १२ दरवाजे, ६४ मीटर रुंदीचा खंदक. बुद्धाच्या परिनिर्वाणाला तेव्हा, तिथल्या गणनेप्रमाणे, २,४०० वर्षं होत होती. धर्मवचन ५,००० वर्षांपर्यंत टिकावं, ही राजाची इच्छा. ताडपत्राला वाळवी लागते, ओल लागते, आग लागते. साडेपाचशे किलोची शिळा मात्र कोणी काखोटीला मारून नेत नाही. या ग्रंथाचा अवाढव्य आकार मला म्हणूनच बडेजाव वाटत नाही. तो बंदोबस्त वाटतो.

दगड आला मंडालेच्या उत्तरेला पन्नासेक किलोमीटरवरच्या सगिन टेकडीतून. काम सुरू झालं १४ ऑक्टोबर १८६० ला आणि शिळा लोकांसाठी खुल्या झाल्या ४ मे १८६८ ला. सरासरी काढली तर चार दिवसांच्या आत एक अख्खी शिळा, दोन्ही बाजूंनी, पाठशुद्ध. एक अक्षर जवळून पाहिलं म्हणजे या वेगाचं मोल कळतं. ब्रह्मी लिपी गोल वळणाची आहे, कारण ताडपत्रावर सरळ रेघ ओढली तर पान फाटतं. दगडाला ती भीती नव्हती, तरी कोरणाऱ्यांनी वळण सोडलं नाही. छिन्नीला सगळ्यांत सोपी असते सरळ रेघ; त्यांनी लाखो वर्तुळं काढली आणि त्यांत सोनं भरलं.

१८७१ मध्ये मंडालेत पाचवी धम्मसंगीती भरली. २,४०० भिक्खू जमले आणि त्यांनी कित्येक महिने त्रिपिटकाचं पठण केलं.

राज्य त्यानंतर फार टिकलं नाही. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजी फौजा मंडालेत शिरल्या. राजवाड्यातल्या ताडपत्रांवरचे पुष्कळ ग्रंथ त्या धामधुमीत नष्ट झाले. कुथोडॉच्या आवारात सैन्याचा तळ पडला. १८९० मध्ये तळ उठला आणि लोक आत गेले, तेव्हा अक्षरांतलं सोनं गेलं होतं, रत्नं गेली होती. प्रत्येक स्तूपाच्या छत्रीला नऊ घंटा होत्या. ७३० स्तूपांच्या मिळून ६,५७० घंटा नाहीशा झाल्या होत्या. जे उचलून नेता येत होतं ते सगळं गेलं, मजकूर तेवढा जागेवर राहिला. भिक्खू, राजघराण्यातली माणसं आणि सामान्य नागरिक यांनी मिळून डागडुजी केली. सोन्याच्या जागी काळी शाई भरली. १९०० साली याच शिळांवरच्या पाठावरून त्रिपिटक कागदावर छापलं गेलं, तेव्हा त्याचे ३८ खंड झाले, प्रत्येक साधारण ४०० पानांचा. पुढे १९१३ मध्ये शेजारच्या सांडामुनी पॅगोडात त्रिपिटकावरच्या भाष्याच्या आणखी १,७७४ शिळा उभ्या राहिल्या. २०१३ मध्ये युनेस्कोने कुथोडॉच्या शिलालेखांची नोंद जागतिक स्मृतिपटावर केली.

आपल्याला या शहराचं नाव ठाऊक आहे ते लोकमान्यांमुळे. इंग्रजांनी मिंडॉनच्या राजवाड्याच्या तटाआडच तुरुंग केला होता. १९०८ ते १९१४ टिळक तिथे होते. सुटे कागद नाहीत, शाई नाही. पानांवर आकडे घातलेल्या बांधीव वह्या आणि शिसपेन्सिल. १९१०-११ च्या हिवाळ्यात, कार्तिक ते फाल्गुन या पाच महिन्यांत, त्यांनी ‘गीतारहस्या’चा पहिला मसुदा लिहून काढला. त्याच १९१० साली रत्नागिरीत थिबा पॅलेस बांधून झाला, मिंडॉनचा मुलगा, पदच्युत राजा थिबा याच्यासाठी. रत्नागिरीत जन्मलेला माणूस मंडालेत कैदेत आणि मंडालेचा राजा रत्नागिरीत नजरकैदेत. टिळक परतले, थिबा राजा १९१६ मध्ये रत्नागिरीतच वारला. एका तटाच्या परिसरात एक ग्रंथ चारशे टन दगडावर लिहिला गेला आणि दुसरा शिसपेन्सिलीने वह्यांत. दोन्ही ठिकाणी सत्ता हातची गेलेली किंवा जाऊ घातलेली होती, आणि दोन्ही ठिकाणी माणसांनी लेखणीवरच भिस्त ठेवली.

आता मिंडॉनच्या ५,००० वर्षांचा हिशेब करू. त्याच्या गणनेने ती मुदत इसवी सन ४४५६ च्या सुमारास पुरी होते. शिळा खुल्या झाल्या तेव्हा त्यांच्यापुढे जवळजवळ २,५९० वर्षांची चाकरी होती. तिच्यातली १६० वर्षंही अजून सरलेली नाहीत. एवढ्यात राज्य बुडालं, ते अवघ्या १७ वर्षांत. १९४५ च्या लढाईत सागवानी राजवाडा जळाला. आज दिसतो तो नव्याने बांधलेला. २८ मार्च २०२५ च्या भूकंपात तटाचे भाग ढासळले.

तिकडची वाट सुकर झाली आणि मंडालेला जाणं घडलं, तर राजवाड्याआधी कुथोडॉला जा. ७२९ स्तूप मोजत फिरू नका. एकाच शिळेसमोर उभे राहा आणि लिपी येत नसली तरी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत नजर न उचलता जा. १,४५८ म्हणजे किती, हे त्या एका पानावर समजतं.